इतर सर्व व्यक्ती

अमेरिकेच्या राज्यघटनेकडे मी इतिहासाच्या वाटेने गेलो नाही, स्टॅम्पपेपरच्या वाटेने गेलो. फलटणला दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या एका टेबलामागे मी सत्तावीस वर्षे दस्तलेखक म्हणून बसलो. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र. शिक्षण बारावीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. इंग्रजी वाचायला शिकलो तोही शब्दकोश मांडीवर घेऊन. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात घटनातज्ज्ञाची नजर नाही. कागद लिहून पोट भरलेल्या माणसाची नजर आहे.

काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याने खिशात मावेल अशी एक पुस्तिका आणून दिली. अमेरिकेची संपूर्ण राज्यघटना. मूळ मजकूर साडेचार हजार शब्दांच्या आसपास. आमच्याकडे फ्लॅटचा करारनामा याहून लांब भरतो. मी ती दस्त वाचावा तशी वाचायला घेतली : देणार कोण, घेणार कोण, चतुःसीमा काय, अटी कोणत्या. सुरुवात ‘आम्ही लोक’ अशी. ठीक. मग पहिल्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमात थबकलो. प्रतिनिधिगृहात कोणत्या राज्याचे किती प्रतिनिधी बसतील आणि कोणत्या राज्याने किती प्रत्यक्ष कर भरायचा, हे लोकसंख्येवर ठरेल असे तिथे म्हटले आहे, आणि ती लोकसंख्या कशी मोजायची तेही सांगितले आहे. आधी स्वतंत्र व्यक्ती मोजा. ठरावीक मुदतीच्या सेवेने बांधलेल्यांनाही त्यांतच धरा. कर न देणारे इंडियन वगळा. आणि मग जी बेरीज येईल तीत ‘इतर सर्व व्यक्तीं’चे तीन-पंचमांश मिळवा.

इतर सर्व व्यक्ती. स्वतंत्र झाले, मुदतबंद नोकर झाले, मूळ रहिवासी झाले. मग उरले कोण? पुस्तिका मी पुन्हा पहिल्यापासून चाळली. ‘गुलाम’ हा शब्द कुठे नाही. ‘गुलामगिरी’ नाही. तो शब्द पहिल्यांदा भेटतो तो तेराव्या दुरुस्तीत, म्हणजे १८६५ साली, गुलामगिरी रद्द करताना. अठ्ठ्याहत्तर वर्षे जी गोष्ट त्या कागदाच्या आधाराने चालली, तिचे नाव त्या कागदात नव्हते.

मी दचकलो, त्याला कारण होते. ते शब्द मी स्वतः एकदा लिहिले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोन भाऊ वाटणीपत्र करायला आले. मधला भाऊ आधीच वारलेला, त्याची विधवा त्याच घरात राहत होती, एक मुलगी होती. तिचे काय, असे मी विचारले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. थोरला म्हणाला, “तिचं आम्ही बघू, तुम्ही काहीतरी घाला.” मी घातले. “कुटुंबातील इतर व्यक्तींच्या निर्वाहाची सोय उभयतांनी पूर्वापार चालत आल्याप्रमाणे करावी.” वाक्य लिहिल्यावर मला स्वतःचे कौतुकही वाटले होते, कारण कुणालाच ते टोचत नव्हते. दोघांनी सह्या केल्या. चार वर्षांनी ती बाई मुलीला घेऊन माझ्या टेबलाशी आली. मुलगी नववीत असावी. तिने आईला तो कागद वाचून दाखवला होता. बाई एवढेच म्हणाली, “भाऊसाहेब, यात माझं नाव कुठं आहे ते दाखवा.”

म्हणून १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात काय घडले ते शोधायची मला गरज वाटली. त्या कागदाचे लेखनिक कसे बसले होते, कोण कोणाकडे पाहत होते, ते मला पाहायचे होते.

सुदैवाने ते पाहता येते. २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ ही परिषद चालली. तेरापैकी बारा राज्यांनी प्रतिनिधी पाठवले, ऱ्होड आयलंडने पाठवलेच नाहीत. एकंदर पंचावन्न माणसे आली-गेली, शेवटी एकोणचाळीस जणांनी सह्या केल्या. कामकाज गुप्त ठेवायचे ठरले होते, दारावर पहारे होते, उन्हाळ्यातही खिडक्या बंद. पण व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन पुढे बसून रोज टिपणे घेत होते. ती टिपणे त्यांनी हयातीत छापू दिली नाहीत. १८३६ साली ते वारले आणि १८४० साली टिपणे प्रसिद्ध झाली. ही तारीख लक्षात ठेवायची, पुढे तिचे काम आहे.

टिपणे वाचताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की तोंडी बोलताना कुणालाच त्या शब्दाचे वावडे नव्हते. दक्षिण कॅरोलिनाचे पियर्स बटलर आणि चार्ल्स पिंकनी यांनी २८ ऑगस्टला सरळ मागणी केली, की पळून गेलेले गुलाम आणि नोकर गुन्हेगारांसारखे परत देण्यात यावेत. त्यावर कनेक्टिकटचे रॉजर शर्मन म्हणाले, घोडा पळाला तर सरकार पकडून देत नाही, मग गुलाम वा नोकर का द्यावा? आक्षेपासाठी घोड्याचा दाखला सुचावा, यावरून त्या सभेची हवा कळते. दक्षिण कॅरोलिनाच्याच जॉन रटलेज यांनी आठवडाभर आधी स्पष्ट करून टाकले होते, की या प्रश्नाशी धर्म आणि माणुसकीचा संबंध नाही, हितसंबंध तेवढा पाहायचा, आणि प्रश्न एवढाच की दक्षिणेची राज्ये या संघात येणार की नाही. आमच्या धंद्यात असे पक्षकार आम्हांला आवडतात. निदान काय हवे ते सांगतात.

तीन-पंचमांश हा आकडा परिषदेत जन्मला नाही. १७८३ साली जुन्या काँग्रेसमध्ये राज्यांवर खर्चाची वाटणी कशी करायची याची चर्चा चालली तेव्हा तो निघाला होता. तेव्हा दक्षिणेला गुलाम कमी मोजून हवे होते, कारण मोजणीवर पैसे भरायचे होते. १७८७त मोजणीवर खुर्च्या मिळणार म्हटल्यावर त्यांना ते जास्तीत जास्त मोजून हवे झाले. ११ जूनला पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी तोच जुना आकडा पुढे केला. काही लोकांचा समज असतो, की या कलमाने काळ्या माणसाला तीन-पंचमांश माणूस ठरवले. खरे दुखणे निराळे आहे. गुलामाला त्यातून शून्य मिळाले. त्याला मत नव्हते. त्याच्या डोक्यांच्या संख्येवर त्याच्या मालकाच्या राज्याला जास्त जागा मिळाल्या. गुलाम पूर्ण मोजला असता तर मालक आणखी बळकट झाला असता.

हे सगळ्यांत नेमके बोलून दाखवले ते पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नर मॉरिस यांनी. गव्हर्नर हे त्यांचे पद नाही, नाव आहे. एक पाय लाकडी, जीभ धारदार. ८ ऑगस्टला त्यांनी विचारले, की हे लोक माणसे आहेत काय? असतील तर त्यांना नागरिक करा, मत द्या. मालमत्ता आहेत काय? मग दुसरी कोणतीच मालमत्ता का मोजत नाही? या फिलाडेल्फिया शहरातल्या घरांची किंमत दक्षिण कॅरोलिनाच्या भातखाचरांत राबणाऱ्या सगळ्या गुलामांपेक्षा जास्त आहे.  मतदान झाले आणि मॉरिस हरले.

आता २५ ऑगस्टचा दिवस. आफ्रिकेतून माणसे आणण्याच्या व्यापारावर काँग्रेसला किती वर्षे बंदी घालता येणार नाही, हा विषय. समितीने १८०० सालापर्यंत म्हटले होते. चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी यांनी ते १८०८ करा म्हटले. मॅडिसन यांनी विरोध केला, की एवढ्या वीस वर्षांत जो अनर्थ व्हायचा तो सगळा होऊन जाईल. तरी १८०८ मंजूर झाले. तेव्हा मॉरिस उठले आणि म्हणाले, मग सरळ लिहा ना. उत्तर कॅरोलिना, दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया या राज्यांत गुलाम आणण्यास मनाई केली जाणार नाही, असे नावानिशी लिहा. ही सवलत त्या राज्यांच्या हट्टापायी दिली हे लोकांना कळू द्या.

टिपणांतले हे अर्धे पान मी किती वेळा वाचले असेल सांगता येत नाही. सभागृहात तेव्हा काय झाले असेल ते मला दिसते. जॉर्ज मेसन म्हणाले, ‘गुलाम’ शब्दाला माझी हरकत नाही, पण राज्यांची नावे घालू नका, त्यांना राग येईल. शर्मन म्हणाले, या शब्दांपेक्षा वर्णन बरे, हे शब्द काही लोकांना रुचत नाहीत. मॉरिस यांनी सूचना मागे घेतली. मग आणल्या जाणाऱ्या माणशी कर किती घ्यायचा यावर बोलणे झाले, आणि तिथे मॅडिसन म्हणाले, की माणसांवर मालमत्तेचा हक्क असू शकतो ही कल्पना राज्यघटनेत येऊ देणे मला चूक वाटते. मॅडिसन स्वतः गुलामांचे मालक होते. मेसनही होते, आणि गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतः छोटा जुलमी असतो असे तीनच दिवसांपूर्वी तेच म्हणाले होते. या माणसांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. मला त्यात दुसरेही काही दिसते. लिहिलेला कागद आपल्यामागे उरणार आणि कुणीतरी तो वाचणार, याची त्यांना लाज होती. लाज होती म्हणून त्यांनी शब्द बदलला. करार बदलला नाही.

शेवटच्या आठवड्यात तर शब्दांची निवड आणखी बारीक झाली. मोजणीच्या कलमात मुदतबंद गोऱ्या नोकरांसाठी जो शब्द होता त्याचा अर्थ ‘दास्य’ असा होत होता. १३ सप्टेंबरला तो एकमताने काढून ‘सेवा’ घातला. कारण मॅडिसन नोंदवतात : पहिला शब्द गुलामांची स्थिती सांगतो, दुसरा स्वतंत्र माणसांचे कर्तव्य. दोनच दिवसांनी पळालेल्या गुलामांच्या कलमाची पाळी आली. तिथे मजकूर होता, ‘एका राज्यात कायदेशीरपणे सेवेस वा श्रमास बांधलेली व्यक्ती’. ‘कायदेशीरपणे’ खोडले आणि ‘तेथील कायद्यांन्वये’ घातले, कारण काहींना वाटले, की पहिल्या शब्दातून गुलामगिरी नीतीनेही मान्य असल्याचा भास होईल. म्हणजे पाप राज्याच्या कायद्याचे, घटनेचे नाही. पण गुलामासाठी तिथे शब्द ठेवला तो ‘सेवा’, दोन दिवसांपूर्वी जो स्वतंत्र माणसासाठी म्हणून राखून ठेवला होता तोच. घाईतल्या लेखनिकाच्या हातून असे होते.

कागद गुळगुळीत झाला म्हणून त्याचे वजन कमी झाले नाही. १७९०च्या पहिल्या जनगणनेत देशात सुमारे ३९ लाख माणसे मोजली गेली, त्यांत जवळजवळ ७ लाख गुलाम. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची संख्याही काँग्रेसमधल्या जागांवरून ठरत असल्यामुळे तीन-पंचमांश तिथेही पोचले. १८००च्या जनगणनेनुसार पेनसिल्व्हेनियातली स्वतंत्र वस्ती व्हर्जिनियातल्या स्वतंत्र वस्तीपेक्षा जास्त होती. तरी पुढच्या निवडणुकीत निर्वाचक मते पेनसिल्व्हेनियाला २० आणि व्हर्जिनियाला २४. पहिल्या छत्तीस वर्षांपैकी बत्तीस वर्षे राष्ट्राध्यक्षपदी व्हर्जिनियाचा माणूस होता. केवळ याच कारणाने होता असे मी म्हणत नाही, वॉशिंग्टन यांना कुणाच्या बेरजेची गरज नव्हती. पण शाळेच्या पुस्तकांत अमेरिकन लोकशाहीचे जे खांब आपल्याला मोजायला लावतात, प्रतिनिधित्व, संघराज्य, राष्ट्राध्यक्षाची निवड, त्यांपैकी प्रत्येकाच्या पायात या ‘इतर व्यक्ती’ आहेत.

१८४० साली मॅडिसन यांची टिपणे छापून आली आणि झाकलेले उघडे पडले. गुलामगिरीविरोधी चळवळीतले वेंडेल फिलिप्स यांनी त्यातले उतारे काढून १८४४ साली पुस्तकच केले, की पाहा, ही घटना म्हणजे गुलामगिरीशी केलेला सौदा आहे. त्यांचे गुरू विल्यम लॉइड गॅरिसन यांनी ४ जुलै १८५४ला, स्वातंत्र्यदिनी, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या सभेत घटनेची प्रत जाळली. माझ्यासारखा माणूस इथे गॅरिसन यांच्या बाजूला जाईल असे वाटेल. मीही बराच काळ तिथेच होतो.

मला हलवले ते फ्रेडरिक डग्लस यांनी. मेरीलंडमध्ये गुलाम म्हणून जन्म, मालकिणीने मुळाक्षरे शिकवायला घेतली तर मालकाने बंद पाडली, मग रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांकडून शिकले. १८३८ साली पळाले. गॅरिसन यांनीच त्यांना व्यासपीठावर आणले, आणि दहा वर्षे तेही घटनेला गुलामगिरीचा कागद म्हणत होते. १८५१ साली त्यांनी मत बदलले आणि गुरूशी कायमचे बिनसले. पुढच्या वर्षी रॉचेस्टरच्या भाषणात त्यांनी दिलेला दाखला वाचून मी पुस्तक खाली ठेवले. ते म्हणतात, समजा रॉचेस्टर शहराला काही जमीन मिळावी म्हणून दस्त केला, आणि त्या दस्तात जमिनीचा उल्लेखच नाही, तर तुम्ही काय म्हणाल?

दस्तलेखकाला यापुढे काही सांगावे लागत नाही. डग्लस यांचे म्हणणे असे, की बंद खोलीत काय बोलणी झाली, कुणाच्या मनात काय होते, ते आमच्यावर बंधनकारक नाही. लोकांनी मान्य केला तो कागद. कागदात ‘गुलाम’ नाही, ‘व्यक्ती’ आहे. आणि त्याच कागदाच्या पाचव्या दुरुस्तीत लिहिले आहे, की कोणत्याही व्यक्तीचे स्वातंत्र्य कायद्याच्या रीतसर प्रक्रियेवाचून हिरावता येणार नाही. लपवायला वापरलेला शब्द त्यांनी हक्क म्हणून मागितला.

वाटणीपत्राचे पुढे काय झाले ते सांगतो. बाईने दावा लावला. मला साक्षीला बोलावणे आले. ‘इतर व्यक्ती’ म्हणजे कोण, हे मी सांगू लागलो तर भावांचे वकील उठले, लेखकाच्या मनात काय होते त्याला किंमत नाही, कागद बोलेल ते खरे. बाईचे वकील तरुण होते. ते म्हणाले, चालेल, कागदच बोलू द्या. वाटणीच्या दिवशी कुटुंबात आणखी व्यक्ती होती, तिचा कुटुंबावर भार नव्हे तर काही अधिकार होता, हे या कागदानेच मान्य केले आहे. आणि या कागदावर तिची सही नाही. सात वर्षांनी तडजोड झाली. बाईला तीस गुंठे आणि दोन खोल्या मिळाल्या. जे वाक्य मी तिला गाळण्यासाठी लिहिले होते त्याच वाक्यावर तिचा दावा उभा राहिला. याचे श्रेय मला नाही, आणि त्या सात वर्षांची जबाबदारी मात्र आहे.

अमेरिकेत तडजोडीने भागले नाही. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी सांगितले, की गुलामावरील मालमत्तेचा हक्क घटनेत स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमधल्या भाषणात अब्राहम लिंकन यांनी शांतपणे उत्तर दिले, की त्या कागदात ना ‘गुलाम’ शब्द आहे, ना त्या संदर्भात ‘मालमत्ता’ शब्द आहे, आणि हे शब्द मुद्दाम गाळलेले आहेत. १८६०-६१ साली दक्षिणेची राज्ये फुटली. त्यांनी नवी घटना केली ती जवळजवळ जुन्याची नक्कल. मोजक्या ठिकाणी फरक केले. तीन-पंचमांशाच्या कलमात ‘इतर सर्व व्यक्ती’ काढून ‘गुलाम’ लिहिले, आणि निग्रो गुलामांवरील मालमत्तेच्या हक्काला बाध आणणारा कायदा करता येणार नाही असे नावानिशी घातले. डग्लस यांचे वाचन चुकीचे नव्हते याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. मालकांनाही जुन्या कागदाची खात्री वाटत नव्हती.

तेराव्या दुरुस्तीची भाषा कुठून आली तेही सांगण्यासारखे आहे. १३ जुलै १७८७ला, फिलाडेल्फियात परिषद चालू असतानाच, न्यूयॉर्कमध्ये जुनी काँग्रेस ओहायो नदीच्या वायव्येकडच्या मुलखासाठी कायदा करत होती. त्यात त्यांनी उघड लिहिले, की या मुलखात गुलामगिरी किंवा सक्तीचे दास्य असणार नाही, गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तेवढे सोडून. एकाच उन्हाळ्यात एका गावात शब्द लिहिला गेला आणि दुसऱ्या गावात गाळला गेला. १८६५ साली तीच शब्दरचना उचलली गेली, शिक्षेच्या अपवादासकट. त्या अपवादातून मग दक्षिणेत कैद्यांना भाड्याने मजुरीला देण्याची पद्धत फोफावली, आणि कैद्यांत काळे किती होते हे सांगायला नको.

त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या पुस्तकाचे नाव ‘गुलामगिरी’ ठेवले आणि ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले. या अर्पणपत्रिकेचा उल्लेख पुष्कळदा होतो. माझ्या लक्षात एवढेच आले, की जोतीरावांनी मान दिला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. घटना लिहिणाऱ्यांचे आभार त्यांनी मानले नाहीत. आणि कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे काढून आलेल्या डॉ. आंबेडकरांच्या देखरेखीखाली आपली घटना झाली तेव्हा सतराव्या अनुच्छेदात ‘अस्पृश्यता’ हा शब्द उघड आला. २९ नोव्हेंबर १९४८ला तो संविधान सभेत मंजूर झाला. शब्दाची व्याख्या करा, मोघम आहे, अशी सूचना आली होती. ती मान्य झाली नाही. व्याख्या कशाला हवी? कुणाला कळत नव्हते?

एक शेवटची नोंद, माझ्या धंद्यातली. तेरावी दुरुस्ती मिसिसिपी राज्याने १८६५ साली नाकारली होती. १९९५ साली तिथल्या विधिमंडळाने ती अखेर संमत केली. पण संमतीचा कागद वॉशिंग्टनच्या दप्तरी पाठवायचा राहून गेला. २०१२च्या हिवाळ्यात तिथल्या वैद्यकीय विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळ भारतातून गेलेल्या एका प्राध्यापकांनी लिंकनवरचा चित्रपट पाहिला, घरी येऊन कोणत्या राज्याने कधी संमती दिली ते शोधले, आणि मिसिसिपीच्या नावापुढे त्यांना अडखळायला झाले. त्यांनी विचारपूस सुरू केली. फेब्रुवारी २०१३मध्ये तो कागद दाखल झाला.